कॉलेज रोडची ट्रीटमेंट

माझ्या नवऱ्याने मला तोंडावर मारायला सुरुवात केली ती मी त्वचेच्या डॉक्टरकडे जायला लागल्यानंतर. त्याआधी तो मारत नव्हता असं नाही. पण त्याआधी तो जागा बघून मारायचा. पाठ, दंड, मांड्या, एकदा बरगडी. साडी आणि लांब बाहीच्या ब्लाउजखाली झाकलं जाईल तेवढंच अंग त्याच्या वाट्याला होतं आणि ते तो पुरेपूर वापरायचा. चेहरा लोकांसाठी ठेवलेला होता. तो ट्रॅक्टरच्या शोरूमचा मॅनेजर, इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीचा अध्यक्ष. मी नाशिक रोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दोघांनाही रोज चारचौघांत वावरायचं होतं, आणि माझ्या चेहऱ्याची काळजी माझ्यापेक्षा तोच जास्त घ्यायचा.

शिकलेली बाई असून कसं सहन केलंस, असं विचारणाऱ्या बायकांचा मला भयंकर राग येतो. शिकल्याने हाडं जाड होत नाहीत. अकरावीच्या वर्गात मी नुसतं वळून बघितलं तरी मागच्या बाकापर्यंत चिडीचूप होतं. तीच मी संध्याकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरात ओट्याला चिकटून उभी राहायचे. यात कोणाला काही विसंगत वाटत असेल तर तिने एकदा मार खाऊन बघावा.

चाळिशी उलटल्यावर माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आले. पुष्कळ बायकांना येतात. पण आमच्याकडे त्याचा दुसऱ्याच दिवशी विनोद झाला. शोरूमची माणसं जेवायला आली होती. मी वाढत होते. तो म्हणाला, "बघा, आमच्या मॅडमच्या तोंडाला बुरशी लागली. इतकी वर्षं ॲसिडात काढली, पण धुवायचं राहून गेलं." सगळे हसले. मीही हसले, हातात आमटीचं पातेलं होतं.

मारापेक्षा शब्द जास्त लागतात असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मार जास्त लागतो. पण मार थांबतो, आणि ते बोलणं मात्र मी स्वतःच पुढे चालू ठेवलं. न्हाणीघरातला दिवा लावणं बंद केलं. फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ करून उगाच जास्त वेळ उभी राहायला लागले. कोणी माझ्याशी बोलताना गालाकडे बघितलं तर समोरचा काय बोलतोय ते ऐकूच यायचं नाही. पाठीवरचे वळ मला कधी कुरूप वाटले नाहीत, ते त्याचे होते. गालावरचे डाग मात्र माझेच होते, आणि मी त्यांचा द्वेष करत होते. शेवटी एक दिवस कॉलेज सुटल्यावर सरळ कॉलेज रोडला गेले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या काचेच्या दारातून आत शिरले.

आत थंडगार. लिंबाचा वास. डॉक्टर बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतील, बोलायला फटकळ. त्यांनी मला टिकली काढायला लावली, केसांना पट्टा बांधला, आणि दोन्ही तळव्यांत माझा चेहरा धरून हळूच उजेडाकडे वळवला. बस, एवढंच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अहो, अजून तर मी काहीच केलं नाहीये," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मला सुयांची भीती वाटते. त्यांनी ते खरं मानलं. मग विचारलं, "हे तुम्हाला हवंय की घरच्यांना? मी हे सगळ्यांना विचारते. घरच्यांसाठी आलेल्या बाईला कितीही केलं तरी समाधान होत नाही."

"मलाच हवंय," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. फक्त मला काय हवंय ते त्यांना वाटत होतं त्याहून वेगळं होतं. माझ्या चेहऱ्याजवळ हात आला आणि मी मान मागे घेतली नाही, असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. डाग जावोत न जावोत, मला पुन्हा तिथे जाऊन त्या बिछान्यावर डोळे मिटून पडायचं होतं.

मलमं झाली, गालांवर औषधाचा लेप देऊन कातडी सोलून झाली, डाग फिकट झाले. मग डॉक्टर म्हणाल्या, डोळ्यांखालचे खड्डेही भरून काढू. तिथे इंजेक्शन दिलं. जाताना बजावलं, "जरा काळंनिळं दिसेल. घाबरायचं नाही, बर्फ लावायचा." संक्रांत होऊन गेली होती आणि दोनच दिवसांनी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. जाणं भाग होतं. आता हळदीकुंकवात काय होतं ते प्रत्येक बाईला माहीत आहे. बोट कपाळाला लावायचं म्हणजे दुसरीचं तोंड वीतभर अंतरावर येतं. पावडर, पदर, गॉगल, काही चालत नाही. वहिनींचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी आलं आणि तिथेच थबकलं.

"अगंबाई, डोळ्याला काय झालं हो?"

खोलीतल्या सगळ्या बायका वळल्या. या प्रश्नाची तयारी मी लग्नापासून करत होते. दाराची कड, ओला जिना, रिक्षाचा दांडा, सगळं पाठ होतं. आणि गंमत अशी की त्या दिवशी मला खोटं बोलायचीच गरज नव्हती.

"ट्रीटमेंट केलीय," मी म्हटलं. "कॉलेज रोडला."

काय सांगू, नुसता कल्ला झाला. कुठे, कोणाकडे, दुखतं का, किती दिवस टिकतं. वहिनींनी माझी हनुवटी धरून माझं तोंड सगळ्यांना फिरवून दाखवलं. तिळगूळ आणि वाणाचा प्लास्टिकचा डबा घेऊन मी घरी आले ती हवेत तरंगत. आणि आल्या आल्या त्याला सांगून टाकलं, नवऱ्याला एखादी गंमत सांगावी तसं. "अहो, डोळा काळा झालाय माझा आणि बायका पत्ता मागतायत!" तो टीव्ही बघत होता. त्याने आवाज कमी केला आणि माझ्याकडे बघितलं, नीट, बराच वेळ. मला वाटलं, डाग गेलेत ते त्याच्या लक्षात आलं.

पंधरवडाभराने मुलीचा पुण्याहून फोन आला. तिच्याशी बोलताना पोळी करपली. त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला, बंद केला, फ्रिजवर ठेवला, आणि उलट्या हाताने माझ्या तोंडावर ठेवून दिली. हातात अंगठी होती. मी कपाटाच्या मुठीवर आदळले, पुन्हा सरळ झाले, आणि दुसरी बसली. ओठ आतून फाटला. डोळा बघता बघता मिटत आला. मी खाली बसले होते आणि मला खरोखर मारापेक्षा आश्चर्य जास्त वाटत होतं, की हा तोंडावर कसा मारतो आहे, उद्या लोक बघतील. तेवढ्यात त्याने फ्रीजरमधून बर्फाचा ट्रे काढून माझ्यापुढे ठेवला.

"डॉक्टर काय म्हणते? बर्फच लावायचा ना?"

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या वहिनी भेटल्या. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मॅडमचं परत सुरू झालंय हो, कॉलेज रोडला." वहिनी म्हणाल्या, "हौसेला मोल नसतं बाई!" तोही हसला. मी फुगलेल्या ओठाने हसले. त्या दिवसापासून माझा चेहरा त्याला मोकळा झाला.

त्याने तो सोडला नाही. भुवई फुटली. कानावर बसली तेव्हा आठवडाभर त्या कानात कुकरच्या शिट्टीसारखं वाजत होतं. हनुवटी ओट्याच्या कडेवर आपटली तेव्हा दाढेचा तुकडा पडला, तो मी गिळला, थुंकायला तोंड वर करायची हिंमत झाली नाही म्हणून. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य. स्टाफरूममध्ये मी, पार्किंगमध्ये तो. डॉक्टरकडे मात्र मी चेहरा साफ असेल तेव्हाच जायचे. नसला की तारीख पुढे ढकलायचे. त्यांना वाटायचं, बाई आळशी आहे.

मुलीने तर मला उपदेश सुरू केला. व्हिडिओ कॉलवर माझं तोंड बघून ती रडकुंडीला यायची. "आई, तू जशी आहेस तशीच छान आहेस गं. स्वतःवर प्रेम कर ना. हे सारखं तोंडात टोचून घेणं हा मानसिक प्रॉब्लेम असतो. तू काउन्सेलरकडे जा." रोज सकाळी मला कसले कसले व्हिडिओ पाठवायची, त्यात सुंदर मुली सांगायच्या की सौंदर्याला काही अर्थ नसतो. पोर बोलत होती ते चुकीचं नव्हतं. फक्त ती ज्या बाईबद्दल बोलत होती ती तिची आई नव्हती, आणि मी ते तिला सांगत नव्हते.

सोसायटीत माझं अनुकरणसुद्धा व्हायला लागलं. मे महिन्यात समोरच्या वहिनी ओढणी तोंडाभोवती घट्ट गुंडाळून जिन्यात भेटल्या. ओढणी जरा सरकवून दाखवली. हनुवटीखाली जांभळं झालं होतं. "मीपण जाऊन आले हो तुमच्या डॉक्टरकडे," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. आपल्यामुळे कोणीतरी काहीतरी केलं, याचा एवढ्या सगळ्यातही मला चक्क अभिमान वाटला.

मग पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांचाच फोन आला. आवाज चढलेला. आत्ताच्या आत्ता येऊन भेटा म्हणाल्या. मी गेले, मोठा गॉगल आणि स्कार्फ लावून. त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

"तुमच्या कॉलेजातल्या एका मॅडमनी अपॉइंटमेंट रद्द केली. का, तर म्हणे तुमचं तोंड बघून भीती वाटते. सारखं सुजलेलं, काळं पडलेलं. मी काय केलंय हो तुमच्या तोंडाला? लेप दिले. इंजेक्शन एकदाच दिलं, तेही जानेवारीत. आणि गावभर माझं नाव घेऊन हिंडताय तुम्ही!"

मी स्कार्फ सोडला. गॉगल काढला.

पहिल्या दिवसासारखाच त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि उजेडाकडे वळवला. अंगठ्याने डाव्या डोळ्याखालचं हाड चाचपलं. मी ओरडले.

"हे हाड दबलंय," त्या म्हणाल्या. आवाज आता अगदी खाली आला होता. "उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. इथे अजून एक बसला तर डोळा जाईल. समजलं का मी काय म्हणतेय? डोळा जाईल." मग दाराशी सोडायला आल्या तेव्हा पुन्हा चिडल्या. "आणि लोकांना माझं नाव सांगायचं बंद करा. ज्याचं काम आहे त्याचं नाव सांगा."

मी हो म्हटलं, रिक्षात बसले आणि घरी आले. उद्या गेले नाही. परवाही गेले नाही. डोळ्यांचा डॉक्टर विचारेल, काय झालं, आणि त्याला कॉलेज रोड सांगून भागणार नाही, याची मला डोळा जाण्यापेक्षा जास्त धास्ती होती. कोणाला खोटं वाटेल, पण तसंच होतं. रात्रंदिवस उजवा डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ वाचून बघायचे. काटे दिसले की दिवस ढकलायचा.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी त्याने मिसळ आणली. रस्सा स्टीलच्या डब्यात, झणझणीत, वरून वाफ येत होती. मी पाव कापत होते. डाव्या डोळ्याला सुऱ्या दोन दिसत होत्या. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "उद्या मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार आहे."

"कशाला?"

"दिसत नाहीये नीट."

"काय सांगणार त्याला?"

मी सुरी खाली ठेवली. "जे झालं ते."

डबा माझ्या तोंडावर आला तो रश्शासकट. आधी स्टीलची कड लागली, कपाळावर, मग तिखट गरम रस्सा दोन्ही डोळ्यांत गेला. मला काही दिसेना. मी किंचाळले असेन, मला माझाच आवाज लांबून ऐकू येत होता. त्याने केसांना धरून खाली पाडलं, आणि कमरेत, पोटात लाथा घालायला लागला. "जे झालं ते? काय झालं? सांग ना, काय झालं?" मग तो वाकला. त्याचा हात माझ्या तोंडावर आला, आणि मला फक्त एवढंच सुचलं की हा हात डोळ्याकडे चाललाय. मी तो धरला आणि चावले. दात लागेपर्यंत नाही, दात रुतेपर्यंत. तोंडात त्याचं रक्त आलं तरी सोडला नाही. तो बोंबलला. इतक्या वर्षांत त्या घरात तो ओरडल्याचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि मला, कशाला लपवू, आनंद झाला. शिसारी येईल इतका आनंद झाला. तो हात झटकत मोरीकडे पळाला आणि मी भिंत चाचपत बाहेर. समोरच्या वहिनींचं दार करकरल्याचा आवाज आला, मग आतून कडी लागल्याचा. वॉचमनने पाण्याची बाटली डोळ्यांवर ओतली आणि रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याला मी पोलीस ठाण्यात न्यायला सांगितलं.

पोलीस ठाण्यात मी गाऊनवर बसले होते, अंगावर रस्सा आणि मटकी, उजव्या डोळ्याच्या फटीतून जेमतेम दिसत होतं. ड्युटीवर फौजदार बाई होत्या, बोलण्यावरून सटाण्याकडच्या. त्यांनी ओला रुमाल दिला, चहा मागवला, कागद पुढे ओढला. "सांगा ताई, कोणी केलं?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच, मोठ्याने, त्याच्या पूर्ण नावासकट.

अर्ध्या तासात तो आला. इस्त्रीचा शर्ट, हाताला रुमाल, केस विंचरलेले. सोबत समोरच्या वहिनी आणि त्यांचे मिस्टर, तेच सोसायटीचे सेक्रेटरी. तो माझ्यावर एका शब्दानेही चढला नाही. उलट डोळ्यांत पाणी आणून फौजदार बाईंना म्हणाला, "मॅडम, हिला तोंडाच्या ट्रीटमेंटचं वेड लागलंय. वर्षभर चाललंय. हे सगळं त्याचं आहे. आज रस्सा सांडला, तो निमित्त झाला. बघा, मलाच चावलीय. मानसिक आहे हो. आमच्या मुलीला विचारा." आणि त्याने फोन लावून टेबलावर ठेवला.

"आई," पोरगी फोनमधून रडत म्हणाली, "तू परत ते इंजेक्शन घेतलंस का गं?"

फौजदार बाईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "हो ना, त्या स्वतःच सांगतात सगळ्यांना. कॉलेज रोडला जातात. मीपण त्यांच्याच डॉक्टरकडे जाते. सुरुवातीला सुजतंच हो असं."

फौजदार बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, घरातलं भांडण हाय. लय ताणू नका. गुन्हा नको, नुसती एनसी लिहून घेते, बसून मिटवा."

मी जानेवारीपासून जे वाक्य वापरलं होतं ते आता प्रत्येकाच्या तोंडात होतं आणि माझ्या तोंडात मात्र काहीच उरलं नव्हतं. गाऊनच्या खिशात फोन होता. डोळे सुजलेले, अक्षरं लागत नव्हती. तो फोन मी फौजदार बाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, "मॅडम, एवढं करा. कॉलेज रोडच्या डॉक्टरांनाच बोलवा."

तो म्हणाला, "बोलवा की." त्याची खात्री होती.

डॉक्टर आल्या त्या केसांना तेल थापलेलं, पायात घरातल्या सपाता. दारातूनच आरडाओरडा सुरू. "कोण म्हणतंय हे माझं काम आहे? कोण म्हणतंय?" त्यांनी माझं तोंड धरून टेबलावरच्या दिव्याखाली नेलं. "इकडे बघा मॅडम. माझी सुई केसाएवढी असते. तिने कपाळ फुटतं? ही भुवई जुनी फुटलीय, टाके न घालता भरलीय. हे चार बोटांचे वळ आहेत, मोजा. आणि हे हाड मी पंधरा दिवसांपूर्वी बघितलं तेव्हाच दबलेलं होतं. मी लिहून देते, सही करते, कोर्टात येते. आधी हिचा डोळा बघा, बाकीचं नंतर."

फौजदार बाईंनी पेन उचललं, एका शिपायाला गाडी काढायला सांगितलं आणि कोरा कागद घेतला. फोनमधून मुलगी नुसती "आई, आई" म्हणत होती.

तेव्हा तो पहिल्यांदा गडबडला. "अहो, पण या वहिनीपण तुमच्याच पेशंट आहेत ना! त्यांना विचारा, त्यांचंही असंच होतं."

डॉक्टर वळल्या. वहिनींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या? यांना मी आज पहिल्यांदा बघतेय."

वहिनींचा हात आपसूक हनुवटीकडे गेला. त्यांचे मिस्टर घड्याळ बघायला लागले. फौजदार बाईंनी दोघा पुरुषांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, आणि ते गेल्यावर स्वतः उठून दार लावलं.

"ताई," त्या वहिनींना म्हणाल्या, "मग तुमचं कुठं होतं हे?"

तोवर माझा उजवा डोळाही मिटला होता. फक्त बांगड्यांचा आवाज आला आणि मग वहिनींचा, अगदी बारीक.

"घरीच."